लहान धर्मग्रामात गरजूंच्या मदतीची व्यवस्था कशी उभी करावी?

चाळीसगावकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमचा धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा कॅथलिक समाज) खानदेशातील बहुतेक धर्मग्रामांसारखाच आहे : कुटुंबे थोडी आणि पसारा मोठा. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, येणाऱ्यांत रेल्वेतून निवृत्त झालेली काही मंडळी, शाळेतील शिक्षक, दवाखान्यातील परिचारिका, नगर आणि मराठवाड्याकडून पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालेली घरे, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली की कित्येक महिने न दिसणारी कुटुंबे असतात. नव्या पॅरिश कौन्सिलच्या (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाच्या) पहिल्याच बैठकीत फादरांनी गरजूंच्या मदतीचा विषय काढला आणि त्याची आखणी करण्याचे काम माझ्याकडे सोपवले.

कौन्सिलमध्ये दोन मते पडली आहेत. काहींचे म्हणणे असे की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या पटांगणात गहू, तांदूळ, तूरडाळ आणि तेल यांचे किट वाटावेत, म्हणजे सर्वांना कळेल की काम चालू आहे, आणि छायाचित्रे देणगीदारांनाही पाठवता येतील. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की आधी धर्मग्रामाच्या नोंदवहीत नाव असलेल्यांचेच पाहावे, कारण बाहेरच्यांना देऊ लागलो तर पैसा पुरणार नाही आणि गावात नको तो अर्थ काढला जाईल. मला यांपैकी एकही मत पुरते पटत नाही, पण त्याऐवजी काय करावे हेही नीट मांडता येत नाही. सध्याची रीत अशी आहे की जो कोणी फादरांच्या दाराशी येतो, त्याला ते स्वतःच्या खिशातून पन्नास-शंभर रुपये देतात, आणि येणारे चेहरे बहुधा तेच असतात.

ख्रिस्तसभेची या बाबतीत नेमकी काय अपेक्षा आहे, आणि इतर ठिकाणी हे काम कसे चालते? शिवाय आमच्या धर्मग्रामातून पूर्वी ऑस्ट्रेलियाला गेलेली काही रेल्वे कुटुंबे पैसे पाठवायला तयार आहेत. ते घ्यावेत का? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिले तर उपकार होतील.

भुसावळ यार्ड

ताई, आपल्या फादरांची वृत्ती उत्तम आहे, पण हे काम त्यांच्या एकट्याच्या खिशावर सोडणे ख्रिस्तसभेला अभिप्रेत नाही. १९८३ च्या कॅनन लॉमधील, म्हणजे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कायद्यातील, कलम ५२९ असे सांगते की धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूने गरीब, पीडित, एकाकी, आपल्या मुलखातून परागंदा झालेले आणि विशेष अडचणींनी वाकलेले अशा लोकांना खास आस्थेने शोधून काढावे. दाराशी आलेल्याला देणे म्हणजे या कलमाचे अर्धेही पालन नव्हे, कारण जो दाराशी येऊ शकतो त्याला निदान यायला पाय आणि मागायला तोंड असते. ज्यांना ही दोन्ही नसतात, त्यांच्यापर्यंत कोणीतरी जावे लागते, आणि ते एकट्या फादरांच्याने होणारे नाही. म्हणूनच कलम २२२ गरिबांना आपल्या मिळकतीतून मदत करण्याचे कर्तव्य सर्वच भाविकांवर टाकते.

मी नोकरीत असल्यापासून संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या कामात आहे. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मोजक्या सोबत्यांसह ही संस्था सुरू केली, तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. गरिबांच्या घरी कसे जावे, हे त्या मुलांना सिस्टर रोझाली रंदू यांनी शिकवले, आणि आजही संस्थेचे मूळ काम तेच आहे. धर्मग्रामातील सभासदांच्या लहान गटाला कॉन्फरन्स म्हणतात. सभासद दोघादोघांनी घरभेटीला जातात, ठरलेल्या दिवशी प्रार्थना करून बैठकीला बसतात, कोणत्या घरी काय पाहिले ते सांगतात आणि काय द्यायचे ते सर्वांनी मिळून ठरवतात. बैठकीत एक झोळी फिरते आणि प्रत्येक जण तिच्यात मूठ घालतो. कोणी किती टाकले, किंवा टाकले की नाही, हे कोणालाच कळत नाही. माझ्या मते ही झोळी संस्थेच्या नियमांइतकीच महत्त्वाची आहे, कारण ज्याच्याकडे या महिन्यात काही नाही असा सभासदही तिच्यामुळे मान वर ठेवून बैठकीला येऊ शकतो.

दोघांनीच का जायचे, असे नवे सभासद नेहमी विचारतात. एकट्याला दया लवकर येते किंवा संशय लवकर येतो. बरोबर दुसरा असला की परतीच्या वाटेवर बोलणे होते आणि मत ताळ्यावर येते. एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरी जायचे असेल, तर दोघांत एक महिला असलीच पाहिजे.

घरभेटीने काय साधते, याचे एकच उदाहरण देतो. रुळांपलीकडच्या एका वस्तीत एका विधवा आजींकडे आम्ही धान्याची पिशवी घेऊन गेलो. त्यांनी ती बाजूला सरकवली आणि पत्र्याचा डबा उघडून दाखवला. त्यात शेजाऱ्यांनी दिलेली ज्वारी होती. मग उजवा हात पुढे करून म्हणाल्या, "माले काई नको, भाऊ. मन्हा अंगठा मशीनवर उठत नही, तेवढं दखा." जन्मभर निंदणी आणि कापूस वेचणी करून त्यांच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की रेशन दुकानातील यंत्र त्यांना ओळखत नव्हते, आणि त्यामुळे धान्य बंद झाले होते. त्यांचे कार्ड अंत्योदयाचे होते. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आमच्या एका सभासदाने तहसीलच्या पुरवठा शाखेत त्यांच्याबरोबर खेटे घातले आणि ते धान्य पुन्हा सुरू झाले. पटांगणात रांगेत उभे करून आम्ही त्यांना किट दिले असते, तर त्यांच्या अंगठ्याकडे कोणाचेही लक्ष गेले नसते.

तेव्हा माझा आग्रह असा आहे की आधी घरभेटी कराव्यात आणि किटचा विचार नंतर करावा. घरात विधवा, दुर्धर आजारी किंवा निराधार व्यक्ती असेल आणि वय ६५ च्या आत असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरला आहे का ते पाहावे, आणि वय ६५ किंवा अधिक असेल तर श्रावणबाळ योजनेचा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि बँक खात्याला आधार जोडणे या तीन गोष्टींवर बहुतेक अर्ज अडतात. आपल्या कौन्सिलमध्ये निवृत्त शिक्षक किंवा कारकून असतीलच. त्यांच्याकडून देणगी मागण्याऐवजी त्यांचा आठवड्यातला एक सकाळचा वेळ सेतू केंद्रासाठी मागावा.

धुळेकर

मी ख्रिस्ती नाही, परंतु आमच्या भागात चर्च आहे आणि तेथील काम जवळून पाहिले आहे, म्हणून केवळ छायाचित्रांच्या मुद्द्यावर लिहितो. आपण देणगीदारांसाठी काढलेले छायाचित्र त्याच दिवशी गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर येते. ज्याच्या हातात किट आहे त्याची मुले शाळेत चिडवली जातात, आणि ज्याने किट दिले त्याच्या हेतूविषयी चावडीवर तर्क सुरू होतात. मदतीच्या वेळी पत्रक, प्रार्थनेचा आग्रह किंवा पिशवीवर धर्मचिन्ह यांतले काहीही नसावे. अंगणवाडी सेविका आणि आशा ताई यांना कोणत्या घरात अडचण आहे हे आधी कळते. त्यांना विचारून काम केले, तर यादीही खरी होते आणि संशयालाही जागा राहत नाही.

सिस्टर, तळोदा परिसर

धुळेकर सरांनी जे सांगितले, तेच आमच्याकडे रोमहूनही सांगितलेले आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात (सर्व ख्रिस्तसभेला उद्देशून लिहिलेल्या पत्रात) स्पष्ट म्हटले आहे की ख्रिस्तसभेच्या नावाने सेवा करणाऱ्याने आपली श्रद्धा दुसऱ्यावर कधीही लादू नये. त्याच पत्रात चाळीसगावकर ताईंच्या दुसऱ्या वादाचेही उत्तर आहे : ख्रिस्तसभेच्या कुटुंबात कोणीही गरजेमुळे खितपत पडू नये, आणि तरीही मदतीला कुटुंबाची सीमा नसावी. संत पौलाने गलतीकरांस लिहिताना हाच क्रम ठेवला आहे, सर्वांचे बरे करावे आणि विशेषतः विश्वासाच्या घराण्यातील लोकांचे. व्यवहारात याचा अर्थ मी असा करते की धर्मग्रामातील प्रत्येक घराची माहिती आपल्याकडे असलीच पाहिजे, तिथे कोणी उपाशी असेल तर दोष आपलाच आहे. त्यापलीकडे, ज्या वस्तीत आपण घरभेटीला जातो त्या वस्तीत शेजारच्या घराला धर्म विचारून वगळता येत नाही. मदत वाटण्यात डावे-उजवे होते ही तक्रारही नवी नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते अशी कुरकुर झाली, आणि तेव्हा प्रेषितांनी ते काम सात विश्वासू माणसांकडे सोपवायला सांगितले.

मला मात्र वेगळी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. दर महिन्याला सारखेच किट, हा हिशेबाला सोपा पण खानदेशातील गरजेला न जुळणारा प्रकार आहे. आमच्या सातपुड्याच्या पट्ट्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा भागात, कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातकडे किंवा साखर कारखान्यांवर जातात आणि पुष्कळशी होळीच्या सुमारास परत येतात. आपल्याकडचे ऊसतोड मजूरही मुकादमाची उचल घेऊन साधारण त्याच काळात बाहेर पडतात. घरात सर्वांत जास्त ओढाताण असते ती आषाढ-श्रावणात, जेव्हा मागच्या हंगामाचे धान्य संपलेले असते, नवे शेतात उभे असते आणि पावसामुळे मजुरीचे दिवसही कमी मिळतात. त्यामुळे वर्षभर थोडे थोडे वाटण्याऐवजी त्या दोन महिन्यांसाठी साठा राखून ठेवावा. दुसरी वेळ जूनची आहे, कारण तेव्हा वह्या, गणवेश आणि वसतिगृहाचा खर्च एकदम समोर येतो. तिसरी वेळ ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या आधीची. त्या वेळी धान्यापेक्षा एक प्रश्न विचारणे उपयोगी ठरते : मागे कोण राहणार आहे? आजी-आजोबांकडे ठेवलेली मुले आणि एकटे राहिलेले म्हातारे यांची नावे तेव्हाच लिहून घेतली, तर पुढचे चार-पाच महिने कोणाच्या घरी जायचे ते ठरते.

आजारपणाविषयी दोन शब्द. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, आणि अंगदुखीने वारंवार आडवे पडणाऱ्या मुलाला घरचे लोक आळशी समजतात. घरभेटीला जाणाऱ्याने अशा मुलाची सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी करून घ्यावी. ती मोफत असते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी चर्चमध्ये पैसे गोळा करण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, ते योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. योजनेबाहेर उरतो तो गाडीभाड्याचा, सोबत राहणाऱ्या माणसाच्या जेवणाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च, आणि धर्मग्रामाचा पैसा खरे तर तिथे लागतो. जळगाव किंवा धुळ्याच्या सिव्हिलमध्ये रुग्णासोबत बसणाऱ्या बाईला दोन वेळचा डबा नेऊन देण्याचे काम आपल्या महिला मंडळाला सहज जमेल.

आणि कलम ५२९ मधील एकाकी माणसे विसरू नयेत. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणारा माणूस हाच बहुधा आठवड्यातून तिच्याकडे येणारा एकमेव पाहुणा असतो. त्याने पाच मिनिटांत उठू नये. औषधे संपली आहेत का, दिव्याचे बिल भरले आहे का, हे त्यालाच दिसते. अंत्यविधीचेही तसेच आहे. पेटी आणि खड्डा खोदण्याचा खर्च गरीब घराला एका रात्रीत उभा करता येत नाही, म्हणून तो धर्मग्रामाने आधीच बाजूला काढून ठेवावा. गरिबीमुळे कोणीही संस्कारांपासून वंचित राहू नये, अशी दक्षता घ्यायला कॅनन लॉचे कलम ८४८ धर्मगुरूंना बजावते.

एक सूचना राहिली. नंदुरबार आणि नवापूरकडील पुष्कळसे ख्रिस्ती लोक प्रोटेस्टंट मंडळ्यांचे आहेत. त्यांच्या पाळकांशी बोलून घ्यावे, नाहीतर एकाच घरी दोन पिशव्या आणि शेजारी एकही नाही, असे होते.

लेखापाल, जळगाव

माझे उत्तर पैशापुरते आहे. चर्चमध्ये संत अंतोनीची पेटी असेल आणि लोक तिच्यात गरिबांसाठी म्हणून पैसे टाकत असतील, तर ती रक्कम गरिबांवरच खर्च झाली पाहिजे. विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे, असे कलम १२६७ सांगते, आणि आपल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची दृष्टीही वेगळी नाही. चर्चच्या रंगकामासाठी त्यातून तात्पुरती उचल करणे हा हमखास घडणारा प्रकार आहे, आणि तो पहिल्याच वर्षी थांबवावा. धर्मग्रामाला वित्त समिती असणे कलम ५३७ नुसार बंधनकारक आहे. गरजू निधीचे स्वतंत्र खाते ठेवून त्याचा हिशेब या समितीपुढे दर तिमाहीला ठेवावा.

ऑस्ट्रेलियाच्या पैशाबाबत सावध राहावे. पाठवणारी व्यक्ती भारतीय नागरिक असेल, म्हणजे तिच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, आणि ती स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. परंतु तिने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर ती जन्माने भुसावळची असली तरी तिचा पैसा विदेशी योगदान विनियमन कायदा, २०१० याखाली येतो. अशी देणगी फक्त त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. ओळखीच्या माणसाच्या वैयक्तिक खात्यात मागवून घेऊ, असे कोणी सुचवले तर तेथेच नकार द्यावा. आपले जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात (एका बिशपांच्या अखत्यारीतील विभागात) येतात. अशा दात्यांना काय कळवायचे, ते धर्मप्रांताच्या कार्यालयाला विचारून ठरवावे.

चाळीसगावकर

सर्वांचे मनापासून आभार. ही उत्तरे छापून मी कौन्सिलपुढे ठेवली. पटांगणातील वाटप आणि छायाचित्रे रद्द झाली आहेत, घरभेटीसाठी चार जोड्या ठरल्या आहेत, आणि आषाढासाठी धान्यसाठा करण्याची सूचना तर किटचा आग्रह धरणाऱ्यांनीच उचलून धरली, त्यामुळे वाद बराचसा निवळला. ऑस्ट्रेलियाच्या मंडळींना तूर्त थांबायला कळवले आहे.

दोन अडचणी शिल्लक आहेत. फादरांच्या दाराशी येणाऱ्या त्याच त्या माणसांचे काय करावे? त्यांतला एक तर सरळ दारूसाठी पैसे नेतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि लेखापरीक्षकाला पावत्या लागतात, तर कोणाला मदत दिली हे गुप्त कसे ठेवावे?

भुसावळ यार्ड

पहिल्यासाठी आमची रीत अशी आहे की रोख रक्कम कोणालाच द्यायची नाही. औषधाचे पैसे औषध दुकानदाराला, फी शाळेला, भाडे घरमालकाला आणि किराणा किराणावाल्याला थेट दिला जातो. फादरांनी दाराशी आलेल्याला चहा आणि पोळी द्यावी, नाव-पत्ता विचारावा आणि "आमची माणसे संध्याकाळी घरी येतील" एवढेच सांगावे. ज्याला खरी अडचण आहे तो पत्ता सांगतो. दारू पिणाऱ्याच्याही घरी जावे, कारण तिथे त्याची बायको आणि मुले असतात, आणि त्यांच्यापैकी कोणीही कधी फादरांच्या दाराशी आलेले नसते. त्याची तयारी असेल, तर जवळपास अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची बैठक कुठे भरते ते शोधून पहिल्या वेळी त्याच्याबरोबर जावे.

दुसऱ्यासाठी प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक द्यावा. बैठकीच्या इतिवृत्तात आणि कौन्सिलच्या अहवालात फक्त क्रमांक, मदतीचा प्रकार आणि रक्कम असावी. क्रमांक आणि नाव यांची जोड दाखवणारी एकच वही अध्यक्षांकडे कुलपात राहील, आणि दुकानदाराची बिले वेगळ्या फाइलमध्ये. लेखापरीक्षकाला ही दोन्ही समोर बसून दाखवता येतात, त्यांची प्रत देण्याची गरज पडत नाही. वही मोबाइलवर ठेवू नये आणि तिचे छायाचित्र कोणाला काढू देऊ नये.